डिस्कवरचे डाग

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मंजिरीनं मैदानात झोळी उपडी केली, तेव्हा फ्रिसबीच्या पांढऱ्या डिस्कांमधून एक करपलेली निघाली. मधोमध बशीएवढा तपकिरी डाग, आणि एका बाजूची कड वितळून आत वळलेली. तिनं ती नाकाशी नेली. जळक्या प्लॅस्टिकच्या वासाखाली आणखी एक वास होता, फटाक्यांच्या दारूचा.

"यश, हे काय झालं?"

"कचरा जल रहा था दीदी. उसमें गिर गई."

यश खोटं बोलत असेल असं तिच्या मनातही आलं नाही. याला कारण तो खेळच होता.

मंजिरी पोतनीस बंगळूरला नोकरी करताना अल्टिमेट फ्रिसबी शिकली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तशी ती इंदूरला परत आली, कंपनीचं काम घरून करू लागली, आणि रविवारी सकाळी बडा गणपतीच्या मागच्या एका बंद शाळेच्या मैदानात आसपासच्या गल्ल्यांतली मुलं गोळा करून त्यांना हा खेळ शिकवू लागली. मदतीला पुष्कर असायचा, तिच्या शाळेतला मित्र. त्याचं स्टेशनरीचं दुकान होतं. खेळ सोपा होता. डिस्क हातात असताना पळायचं नाही, साथीदाराकडे फेकायची. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात कुणी झेलली की पॉइंट. मुलांना नवल वाटलं ते भलत्याच गोष्टीचं. या खेळाला अंपायर नव्हता. ज्याच्या हातून फाउल झाला त्यानंच सांगायचं. कुणाला लागलेलं दिसलं तर कुणीही "इंज्युरी!" म्हणून ओरडायचं, आणि तो शब्द कानावर पडला की प्रत्येकानं जिथल्या तिथे थांबायचं, पाऊल उचललेलं असलं तरी.

"फिर बेईमानी कौन पकड़ेगा?" यशनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"ज्यानं केली तो."

तेव्हा सगळी पोरं हसली होती. पण हळूहळू ती सवय त्यांच्या अंगात भिनली. खेळ संपला की सगळे गोल करून बसत आणि एकेक जण आपली चूक सांगे. एकदा अकरा वर्षांची श्रिया उभी राहून म्हणाली होती, "ताई, शेवटच्या पॉइंटला माझा पाय लाइनीवर होता. तो कॅन्सल." जिंकलेली मॅच हातची गेली, आणि तिच्या टीमनं तिला शिव्या घालण्याऐवजी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येऊन बाबांना सांगताना मंजिरीचे डोळे भरून आले होते.

यशवर्धन चौहान या मुलांचा कॅप्टन होता. चौदा वर्षांचा, काटक, कुणाला पडू न देणारा. त्याचं घर मूळचं इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचं. वडील जयसिंग लोडिंग ऑटो चालवायचे. मुलांना आठवडाभर सराव करता यावा म्हणून डिस्कची झोळी यशच्याच घरी असायची. मंजिरीला त्याचा तेवढा भरवसा होता.

पुढच्या रविवारी आणखी काही डिस्कांवर डाग होते. एकीला तर बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. खेळ झाल्यावर, गोलात बसल्यावर, मंजिरीनं ती डिस्क मध्ये ठेवली.

"ही कशी जळली, कुणी सांगेल?"

एरवी एकमेकांच्या अंगावर चढून बोलणारी मुलं गवताकडे बघत बसली. श्रियानं हळूच यशकडे पाहिलं. यश आपल्या बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

गोलात कुणी गप्प राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग तिला एकेक गोष्ट दिसू लागली. एका मुलाची अर्धी भुवई नाहीशी झाली होती. टीममधल्याच मानसनं तळहाताला टूथपेस्ट फासून वर रुमाल बांधला होता. "गरम दूध सांडलं" म्हणाला, पण बोलताना हात पाठीमागे नेला. सोमवारी सकाळी ती सहज मैदानाशी गेली, तर फाटकातून तिला मानस आणि दुसरा एक मुलगा समोरासमोर उभे दिसले. गुडघे वाकवलेले, डाव्या हातात डिस्क, चेहऱ्यासमोर घट्ट धरलेली. अल्टिमेटमध्ये डिस्क अशी कधीच धरत नाहीत. फाटक करकरलं तशी दोन्ही डिस्क एकदम खाली आल्या आणि दोघे उगाच हसले.

पुष्करनं ते मनावर घेतलं नाही. "अरे मंजू, दिवाळी आलीये ना यार. या वयात पोरं हातात सुतळी बॉम्ब फोडतात. आपण काय कमी केलंय? टेंशन नको घेऊस."

तिनं टेंशन घेतलं. बुधवारी ती यशच्या घरी गेली.

जयसिंग गच्चीवर होते. खाटेवर, जुन्या साडीवर, लिंबापेक्षा थोडी मोठी, भुऱ्या रंगाची कडक फळं वाळत पडली होती. जयसिंगच्या उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत कातडी चकचकीत, गुळगुळीत झालेली होती. मंजिरीनं त्यांना रस्त्यात अनेकदा पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही.

"ये हिंगोट है, मैडमजी," ते कौतुकानं म्हणाले आणि एक फळ तिच्या हातावर ठेवलं. आतून कोरून ते पोकळ केलेलं होतं. यात दारू ठासायची, तोंड पिवळ्या मातीनं बंद करायचं, बांबूची काडी बांधायची. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, धोक पडव्याला, गौतमपुऱ्यात दोन दळं समोरासमोर उभी राहतात आणि पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. एका हातात हिंगोट, दुसऱ्या हातात ढाल. बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे, जयसिंग सांगत होते.

ढाल हा शब्द ऐकून मंजिरीनं हातातलं फळ खाली ठेवलं.

"लागत नाही कुणाला?"

"लगती है ना. ये देखो." त्यांनी गाल पुढे केला. "पर रंजिश कोई नहीं रखता. शाम को गले मिल के घर आते हैं. यश बता रहा था, तुम्हारे खेल में भी अंपायर नहीं होता. हमारे में भी नहीं होता, मैडमजी. अपनी चोट अपनी."

"मुलं खेळतात हे?"

"ना ना! बच्चों को हाथ नहीं लगाने देता. माताजी की सौगंध." ते मनापासून बोलत होते, हे तिला दिसत होतं. "यश भी खेलेगा, पर टाइम आने पर. पहले कद तो निकले."

यश पाण्याचा पेला घेऊन जिन्यावर उभा होता. तो पेल्यातल्या पाण्याकडेच बघत राहिला.

निघताना तिनं डिस्कची झोळी मागून घेतली. यशनं ती आणून दिली आणि दारापर्यंत तिच्यामागे आला. "दीदी, भरोसा नहीं रहा?"

"दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. रस्त्यानं जाताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची थोडी लाजही. ढाली आता तिच्या खांद्यावर होत्या. ढालीशिवाय पोरं काय खेळणार?

दिवाळीच्या आठवड्यात घरोघरी साफसफाई चालली होती, म्हणून त्या रविवारचा खेळ तिनं संध्याकाळी ठेवला. पुष्करच्या दुकानात गर्दी होती, तो आला नाही. मुलं अप्रतिम खेळली. इतकी अचूक फेक तिनं त्यांच्याकडून कधी पाहिली नव्हती. पळत्या साथीदाराच्या पुढे, बरोबर छातीच्या उंचीवर. पण कुणी भांडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. गोलात बसल्यावर एकेकानं आपली बारीकसारीक चूक पाढे म्हटल्यासारखी सांगून टाकली. मग मुलगे उठले आणि मागे न बघता फाटकाबाहेर गेले. एरवी पाणी पिण्यावरून रेंगाळणारी पोरं, आज बाटल्या तिथेच सोडून गेली.

श्रियाची आई, रमावहिनी, मुलीला न्यायला आली होती. ती घरून डबे द्यायची. हाताला कायम कोथिंबिरीचा वास.

"मंजिरीताई, एक विचारू? तुमच्या खेळाला थाळ्या लागतात का हो?"

"थाळ्या?"

"स्टीलच्या. माझ्या डब्याच्या कामातल्या एकेक करून गायब होतायत. हिला विचारलं तर म्हणते टीमला दिल्या. मला वाटलं तुम्हीच मागवल्या असतील. तशी काही हरकत नाही, पण दिवाळीत मला कमी पडतायत ना."

मंजिरी श्रियासमोर खाली बसली. "श्रिया, थाळ्या कुठे आहेत?"

"नाही सांगता येत, ताई."

"आपण गोलात सगळं सांगतो ना?"

"फाउल सांगतो. हा फाउल नाहीये." श्रियाचा आवाज बारीक झाला. "त्या खेळात फाउल नसतोच. यशनं सांगितलंय."

"तू खेळतेस?"

"मुली नाही खेळत. मी फक्त थाळ्या आणते. ताई, एकदाच खेळणार आहेत ते, खरंखुरं. आतापर्यंत एकेकच फेकून बघायचे. आज सगळे एकदम, मग बंद. प्रॉमिस केलंय त्यानं."

"आज कधी?"

श्रियानं फाटकाकडे पाहिलं. "आत्ताच गेलेत. गोदामाच्या मागे."

मंजिरीनं पळता पळता जयसिंगना फोन लावला. ते देपालपूरहून माल घेऊन परतत होते. आधी त्यांना नीट ऐकूच येईना, आणि ऐकू आलं तेव्हा पलीकडून फक्त हॉर्नचा आवाज येत राहिला. रमावहिनी मागून पळत होती. श्रिया दोघींच्या पुढे.

बंद पडलेल्या गोदामामागे भिंतींनी वेढलेली मोकळी जागा होती. दिवस मावळत होता. दोन्ही टोकांना मुलं रांगा धरून उभी होती, डोक्याला ओले गमछे, खांद्याला कापडी पिशव्या, डाव्या हातात रमावहिनीच्या थाळ्या. अलीकडच्या रांगेच्या मधोमध यश होता. त्याच्या हातात धुमसती काटकी होती.

पहिला हिंगोट सुटला तेव्हा साप फुत्कारल्यासारखा आवाज झाला. नारिंगी रेघ जमिनीलगत गेली, थाळीवर टण् आपटली आणि बाजूला जाऊन फुटली. लगेच दुसरा, तिसरा. मुलं पांगत होती, वाकत होती, एक जण दुसऱ्याच्या आडोशाला जात होता, रिकामी जागा हेरून तिसरा पुढे धावत होता. मंजिरी क्षणभर जागच्या जागी खिळली. ही सगळी हालचाल तिच्या ओळखीची होती. कुठे पळायचं, साथीदाराला कसं झाकायचं, हे तिनंच एकेकाचा दंड धरून शिकवलं होतं.

एक हिंगोट मानसच्या कानावरून भरकटला आणि श्रियाच्या पायापासून हातभर अंतरावर फुटला. श्रिया किंचाळून खाली बसली.

"इंज्युरी!" मंजिरी ओरडली. "इंज्युरी!"

सगळे थांबले. जिथल्या तिथे, एकजात, तिनं शिकवलं होतं तसे. कुणी एका गुडघ्यावर, कुणी थाळी वर धरून. त्या अचानक शांततेत तिला फक्त एक बारीक सुरसुर ऐकू आली.

यशही थांबला होता. त्याचा उजवा हात फेकण्यासाठी वर गेलेला होता, आणि हातातला हिंगोट पेटलेला होता.

"टाक! यश, टाक ते! फेंक!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. थांबायचं की फेकायचं, हे त्याला त्या क्षणी कळलं नाही. मग त्याच्या हातात उजेड झाला आणि आवाज झाला, आणि ठिणग्या खांद्याच्या पिशवीत पडल्या.

त्याच्यापाशी सगळ्यात आधी मानस पोचला. भाजलेल्या हातानं त्यानं पिशवी ओढून दूर भिरकावली. ती भिंतीपाशी जाऊन फुटत राहिली. रमावहिनीनं एका मुलाच्या डोक्याचा ओला गमछा खेचून यशच्या पेटत्या शर्टावर दाबला. मंजिरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो रडत नव्हता. "रुका था मैं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दीदी, मैं रुका था."

उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं अर्धं. कंबरेला मोठा भाजल्याचा चट्टा. डोळे वाचले. डॉक्टर म्हणाले, नशीब.

जयसिंग आले ते अंगावरच्या मालाच्या धुळीसकट. मंजिरीनं दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांना सगळं सांगितलं. स्वतः काय ओरडली तेही.

"तुम नहीं चिल्लातीं तो वो फेंक देता," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. मनातल्या मनात ते सगळं पुन्हा घडवून बघत होते. "पर फिर किसी और के बच्चे को लगती." मग त्यांनी आपल्या गुळगुळीत गालावर हात ठेवला. "मैंने हाथ नहीं लगाने दिया था, मैडमजी. बस देखने दिया था."

पोलीस आले, गच्चीवरची फळं आणि दारू घेऊन गेले. गल्लीत दोन तट पडले. काहींनी जयसिंगला दोष दिला, काहींनी मंजिरीला. पोरांना नेम धरायला शिकवलं कुणी, असं ते विचारत होते. शाळेच्या फाटकाला कुणीतरी कुलूप लावलं. पुष्कर रोज दवाखान्यात यायचा, फळं ठेवायचा आणि मंजिरीच्या नजरेला नजर न देता निघून जायचा.

धोक पडव्याच्या दिवशी ती यशपाशी बसली होती. दुपार व्हायच्या आधी जयसिंग पायात बूट घालू लागले. यशच्या आईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती मालवीत जे बोलू लागली ते ऐकून शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"जाना पड़ेगा," जयसिंग एवढंच म्हणाले. "लाइन में मेरी जगह है. खाली नहीं छोड़ सकते."

"काय फेकणार आहात आज तुम्ही?" मंजिरीनं विचारलं. "काय भरून? सगळं पोलिसांनी नेलं ना?"

"भाई लोग दे देंगे."

ते गेले. यशची आई भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. बाहेर गायींच्या पूजेची गाणी चालली होती, कुठेतरी लवंगीची माळ तडतडत होती, आणि प्रत्येक तडतडीला यशच्या बँडेजमधला हात उशीवर किंचित हलत होता.

"दीदी, एक बात पूछूँ?"

"विचार."

"मैंने सही किया ना? तुमने बोला और मैं रुक गया. बाकी सब के हाथ खाली थे. मेरे अकेले के हाथ में जलता हुआ था, फिर भी रुका."

तिला खूप काही सांगायचं होतं. पण तो इतक्या आशेनं तिच्याकडे बघत होता की तिच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"हो."

यशच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते बघवेना म्हणून ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

जयसिंग रात्री सुखरूप परतले. नवा ओरखडासुद्धा नव्हता.

डिसेंबरात रमावहिनी चार आयांना घेऊन नगरसेवकाकडे गेली आणि फाटकाचं कुलूप निघालं. मुलं पूर्वीपेक्षा कमी आली. मंजिरीनं जळक्या डिस्क फेकून दिल्या होत्या, आणि तो एक नियम बदलला होता: इंज्युरी ऐकली की आधी हातातलं सोडायचं, मग थांबायचं. सकाळभर तिनं तेवढंच घोटून घेतलं. ती ओरडायची, डिस्क गवतात पडायच्या. पुन्हा. पुन्हा. श्रिया दर वेळी दचकायची, पण जागा सोडून गेली नाही.

ऊन वर आल्यावर यश आला. हाताला अजून पट्टी होती. तो पायऱ्यांवर बसला, आणि मंजिरी पाणी पीत होती तेवढ्यात लहान मुलांनी त्याला घेरलं. यंदा नव्यानंच येऊ लागलेली, सात-आठ वर्षांची पोरं.

"दिखा ना भिया. दिखा ना."

यशनं आधी नाही म्हटलं. मग मंजिरीकडे एकदा बघून, डाव्या हातानं, सावकाश पट्टी उलगडली. पोरं पुढे वाकली. एकानं बोट लावून पाहिलं.

"दुखा था?"

"थोड़ा."

"रोया?"

"ना."

मंजिरी त्या लहान चेहऱ्यांकडे बघत राहिली. कुणीतरी शहारेल, कुणीतरी मागे सरेल, याची ती वाट बघत होती. कुणी मागे सरलं नाही. सगळ्यात धाकट्या पोरानं स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला, दोन बोटं दुमडली आणि तो कसा दिसतो ते बघू लागला.

"चला रे, खेळायला चला!" तिनं हाक मारली.

पोरं आली. पण लगेच नाही.